बाबा पेंगत होते तो उपवासकाळ

यंदा राखेच्या बुधवारनंतर, आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ लागल्यावर, आठच दिवसांत माझ्या अंगावर पित्त उठलं. आधी मनगटावर, मग कोपराच्या आत, मग पोटावर. डास चावल्यासारखा एक चट्टा, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता दोन्ही मिळून एक बेट, कडेला लाल आणि मध्ये फिकट. खाजवलं तर वाढतं, नाही खाजवलं तर जीव जातो. हल्ली मी मुलीकडे आचोळ्याला राहते. तिने समोरच्या इमारतीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान. माझा हात उलटा-सुलटा करून बघत म्हणाल्या, "आजी, घाबरू नका, ही नवी गोळी देते. हिने झोप येत नाही. पूर्वीच्या गोळ्यांनी माणूस दिवसभर पेंगायचा."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तुम्ही घेतल्या होत्या का?"

"मी नाही."

त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की गप्प बसायचं, ही माझी सवय जुनी आहे.

ईस्टरआधीचा हा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आमच्याकडे उन्हाबरोबरच येतो. निर्मळच्या अलीकडे, वाड्यांच्या पट्ट्यात आमचं गाव. सकाळी सातला केळीच्या पानांवरचं दव वाळलेलं असायचं आणि दहाला पायवाटेची वाळू तापायची. मोगरा याच दिवसांत धरतो. उजाडायच्या आत कळ्या खुडाव्या लागतात, नाहीतर टोपलीतच उमलतात आणि मग बाजारात कुणी विचारत नाही. देवळातल्या मूर्तींवर जांभळी कापडं चढायची. लग्नं बंद, बँड बंद. शुक्रवारी दुपारी क्रुसाची वाट असायची. बाया डोक्यावर पदर घेऊन एकेका स्थानापाशी गुडघे टेकायच्या, आणि बाहेर कुणाच्या तरी वाडीत पाण्याचं इंजिन धडधडत राहायचं. अजूनही ते दिवस आले की मला आधी मोगऱ्याचा वास आठवतो आणि लगेच त्यामागून आमसुलाचा आंबूस वास येतो. दुसरा वास आला की मी मान खाली घालते. समोर कुणी नसलं तरी.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि गावापासून दोन मैलांवरच्या प्राथमिक शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. चौथीचा वर्ग माझ्याकडे. गावातली माणसंही मला 'टीचर' म्हणू लागली होती, आणि ते मला फार आवडायचं. घरी आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. घरात आमची बोली चालायची. इथे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे, कारण इतकी वर्षं फळ्यावर लिहून हाताला तेच वळण लागलंय.

बाबांचं नाव पावलू. वाडी छोटी होती, पण हात चांगला. केळी, मोगरा, बांधाला थोडी पानवेल. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. आणि खरं तेच लिहायचं तर, माझ्या लहानपणी दारू पिणारा माणूस. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. पण संध्याकाळी ते गुत्त्यावर बसलेले असायचे आणि आई मला त्यांना बोलवायला पाठवायची. मी दारात उभी राहायची. आतली माणसं म्हणायची, "पावलू, मुलगी आली रे." ते उठायचे, माझा हात धरायचे, आणि घरापर्यंत आमच्यात एक शब्द होत नसे. मी श्वास रोखून चालायची, वास येऊ नये म्हणून.

मी पंधरा वर्षांची असताना एका उपवासकाळात त्यांनी देवळात आल्तारासमोर, वेदीपुढे, उभं राहून दारू सोडल्याची शपथ घेतली. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या देवळाच्या हद्दीत, दारूबंदीचं एक लहानसं मंडळ होतं, त्यात नाव लावलं. लोक म्हणाले, ईस्टरपर्यंत टिकेल. पण ईस्टर गेला, नाताळ गेला, सात वर्षं गेली. लग्नाच्या जेवणात सगळे पेला उचलायचे तेव्हा बाबा पाण्याचा पेला उचलायचे. आणि त्या वर्षी फादरांनी, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे धुतले तसे ज्यांचे पाय धुतात, त्या बारा जणांत बाबांचं नाव घातलं. आमच्याकडे हा मोठा मान. यादी देवळाच्या दाराला लागली तेव्हा आईने ती दोनदा वाचली. घरी येऊन बाबा म्हणाले, "नवीन चपला घ्यायला हव्यात." आई म्हणाली, "चपला काढूनच बसायचंय ना तिथे." मग दोघंही हसले. त्या वर्षात मी त्यांना एकत्र हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरत होतं. मुलगा डॉमनिक, पापडीकडचा, मुंबईत बँकेत नोकरीला. आम्ही एकमेकांना पाहिलं होतं, दोनदा बोललो होतो, आणि मला तो आवडला होता. बोलणी पक्की झाली की ईस्टरनंतर मे महिन्यात लग्न. वाट बघायची ती फक्त त्याच्या घरच्यांची. ते एका रविवारी आमच्या घरी येणार होते.

आणि उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाबा पेंगायला लागले.

आधी मला ते लक्षात आलं प्रार्थनेच्या वेळी. संध्याकाळी आम्ही तिघं रोझरी म्हणायचो. बाबांचा आवाज मध्येच जाड व्हायचा, शब्द एकमेकांत मिसळायचे, आणि मग थांबायचा. आई कोपराने हलवायची. मग एका सकाळी ते मोगऱ्याची टोपली घेऊन सायकलवरून जाताना सरळ पाटात गेले. शेजारच्या वाडीतल्या माणसाने धरून आणलं. दारात सोडताना तो हसत म्हणाला, "पावलू, आज सकाळीच?" बाबांच्या कपाळाला चिखल लागला होता. कळ्या पाण्यावरून वाहत गेल्या होत्या.

पुढे एकदा ते विरारहून येताना एसटीत झोपले आणि आमचा थांबा मागे टाकून शेवटपर्यंत गेले. कंडक्टरने हलवून उतरवलं. हे मला शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी माझ्याकडे न बघता डबा उघडला. विरारला कशाला गेला होतात, असं मी घरी विचारलं. "इंजिनाचा वॉशर आणायला," बाबा म्हणाले. त्यांची जीभ जड होती. तोंड कोरडं पडल्यासारखे ते सारखे पाणी पीत होते. डोळे अर्धे मिटलेले. भर उन्हात ते मनगटापर्यंत गुंड्या लावलेला लांब बाह्यांचा सदरा घालून फिरत होते. आणि त्यांच्या अंगाला वास येत होता. आंबूस, साचलेला, ताडीसारखा.

मला आणखी काय हवं होतं? लहानपणी श्वास रोखून चाललेली मी. मला वाटलं, मी सगळं ओळखलं.

आईला विचारलं. "परत सुरू केलीय का त्यांनी?"

ती भात वैरत होती. म्हणाली, "काहीतरी बोलू नकोस."

"मग झोपतात का असे?"

"वय झालं. ऊन आहे." आणि तिने पाठ केली.

ती लपवते आहे हे मला कळलं. काय लपवते आहे, ते चुकीचं कळलं.

तो रविवार आला. पाहुणे तीन. डॉमनिक, त्याची आई आणि त्याचे मामा. ओटी सारवलेली, खुर्च्या शेजारून आणलेल्या. आईने तांदळाचे वडे केले होते, वाडीतली पिकलेली केळी होती, सरबत होतं. बाबा आंघोळ करून तोच लांब बाह्यांचा सदरा घालून बसले होते. अर्धा तास चांगलं चाललं. मग मामा म्हणाले, "किती पानं होतील तुमच्याकडून?" आणि उत्तर आलं नाही. बाबांची मान छातीवर पडली होती. हातातला सरबताचा पेला कलला आणि सरबत त्यांच्या मांडीवरून जमिनीवर सांडलं, तरी त्यांना जाग आली नाही. आईने हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, आमच्याकडे अनोळखी माणसांकडे बघावं तसं बघितलं, आणि परत मिटले.

डॉमनिकची आई पुढे वाकली. शांत बाई. तिने मला विचारलं, आईला नाही. "त्यांचं काही औषधबिषध चालू आहे का गं?"

इतका सोपा प्रश्न होता. त्यात उत्तरही होतं. ती बाई दार उघडून उभी होती, आणि मी ते आपटून लावलं.

"औषध नाही," मी म्हटलं. "पितात ते. मध्ये सोडली होती, आता परत सुरू केलीय. मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही."

हे बोलताना मला आपण फार खरं, फार धीराचं वागतोय असं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. आवाजही चढला नव्हता. वर्गात पाठ सांगावा तशी मी बोलले.

बाबा आता जागे होते. माझं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटांकडे पाहिलं, उजव्या बाहीची गुंडी चाचपली, आणि म्हणाले, "हो. घेतली आज थोडी. चूक झाली. माफ करा."

मामा मोठ्याने हसले. "अहो पावलूभाऊ, एवढंच ना? आमच्यात कोण घेत नाही? आम्हाला वाटलं, काही आजारबिजार आहे."

आणि सगळे सैल झाले. वडे परत फिरले. मे महिन्याची तारीख त्याच बैठकीत ठरली. जाताना डॉमनिकने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं, आणि मला ते आवडलं.

पाहुणे गेल्यावर आईने ओटी पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाली, "बोलून मोकळी झालीस तू." त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी मनात म्हटलं, सत्य कडू असतं.

मामांनी ही गोष्ट हसत हसत दोघा-तिघांना सांगितली असणार. ती आमच्या गावात पोचायला चार दिवसही लागले नाहीत. पोरीनेच तोंडावर सांगितलं म्हटल्यावर शंकेला जागा कुठली? पुढच्या शनिवारी फादर सायकल घेऊन आले. अंगणात उभ्याउभ्याच बोलले. मी आतून ऐकत होते.

"पावलू, या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

"बरं, फादर."

"मनाला लावून घेऊ नकोस. माणूस पडतो. परत उठायचं."

"हो, फादर."

दुसऱ्या दिवशी दारावरच्या यादीत एका नावावर रेघ होती आणि खाली दुसरं नाव लिहिलेलं. मला तेव्हा वाईट वाटलं, पण योग्यच झालं असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी शाळा लवकर सुटली. मी नेहमीच्या वाटेने न येता वाडीतून आले, केळींच्या सावलीतून. विहिरीच्या मागच्या बाजूला आईचा आवाज आला म्हणून थांबले.

बाबा उघड्या अंगाने दगडावर बसले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पाठीवर तळहाताएवढे चट्टे, लाल, फुगलेले, एकमेकांत मिसळलेले. मानेपासून कमरेपर्यंत कातडी शिल्लकच नाही असं वाटत होतं. दंडांवरही तेच. त्यांनी पंच्याचा बोळा दातांत धरला होता आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, खाजवू नये म्हणून. आई एका वाडग्यात फडकं बुडवून त्यांच्या पाठीवर आमसुलाचा कोळ लावत होती. तोच वास. आंबूस, साचलेला.

"डॉक्टरला सांगा, गोळी बदलून दे," आई म्हणाली. "दिवसभर डोळा उघडत नाही तुमचा."

बाबांनी बोळा काढला. "गोळीने खाज थांबते ना. झोप येते तर येऊ दे."

"सायकलवर बसू नका म्हणालाय ना तो?"

"मग फुलं काय चालत जातील?"

"त्या रविवारी तरी गोळी घ्यायला नको होती."

"नसती घेतली तर त्यांच्यासमोर हातांवर उठलं असतं. तोंडावर उठलं असतं. मग?"

आईने फडकं परत वाडग्यात बुडवलं. पिळता पिळता म्हणाली, "आणि लोक तुम्हाला बेवडा म्हणतात ते?"

"बेवड्याची मुलगी खपते," बाबा म्हणाले. "महारोग्याची खपत नाही."

"डॉक्टर म्हणतो ना, हे तसलं नाही म्हणून? साधं पित्त आहे म्हणून?"

"तो म्हणतो. सगळा गाव कुठे डॉक्टर आहे? एकदा ती उजवली की उघडा फिरेन वाडीत. मग बघू दे ज्याला बघायचं त्याला."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागदी पुडी काढली, तिच्यातली इवलीशी पिवळी गोळी जिभेवर ठेवली आणि विहिरीच्या बादलीतून ओंजळभर पाणी प्यायले.

त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्याच आळीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न तिच्या भावाच्या मानेवर पांढरा डाग दिसला म्हणून मोडलं होतं. तो डाग साधा आहे असं डॉक्टरचं पत्र त्यांनी दाखवलं होतं. ते कुणी वाचलंही नाही.

मी आले तशी परत फिरले. मोठ्या रस्त्यावरून वळसा घालून, चपला वाजवत, समोरच्या दाराने घरी आले. बाबा ओटीवर सदऱ्याच्या गुंड्या लावून बसले होते. "आलीस?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हटलं, आणि आत गेले.

त्या रविवारी मी जे बोलले ती चूक होती. अजाणता झालेली, पण चूक. त्यासाठी मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. पण मंगळवारी दुपारपासून मला सगळं माहीत होतं. गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत दोन दिवस होते. देवळापर्यंत चालत गेलं तर दहा मिनिटं. फादरांना एकांतात सांगितलं असतं तर ते कुणाला बोलले नसते, एवढी मला त्यांची खात्री होती. मी स्वतःला सांगितलं, बाहेर फुटलं तर लग्न मोडेल आणि बाबांनी सोसलं ते फुकट जाईल. हे खरंही होतं. पण त्याच्या तळाशी दुसरंही काही होतं. मला डॉमनिक हवा होता, आणि टीचरने खोटं सांगितलं असं लोकांनी म्हणायला नको होतं.

बुधवारी मी कुमसाराला, पापं कबूल करायला, गेले. जाळीपलीकडे फादर होते, तेच. मी गुडघ्यावर बसून सांगितलं की मुलांवर चिडते, आईला उलट बोलते, एका शुक्रवारी चुकून अंडं खाल्लं. "आणखी काही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, फादर."

गुरुवारी आल्तारासमोर बारा खुर्च्या मांडलेल्या होत्या. बारा जण पांढऱ्या कपड्यांत बसले. फादर गुडघे टेकून एकेकाच्या पायावर पाणी घालत, पुसत, पुढे सरकत गेले. मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते. मागे वळून पाहिलं. बाबा अगदी शेवटी, दाराशी उभे होते. बसायला जागा होती, पण बसले असते तर झोप लागली असती. खांबाला टेकून ते डोळे ताणून उघडे ठेवत होते. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. त्यांच्या शेजारी उभा असलेला माणूस हळूच दोन पावलं बाजूला सरकला. मी परत समोर बघायला लागले.

मे महिन्यात लग्न झालं. बाबांनी लांब बाह्यांचा नवा सदरा शिवला होता. टोस्टच्या वेळी कुणीतरी मागून म्हणालं, "पावलूला द्या रे एक, आज मुलीचं लग्न आहे," आणि हशा झाला. बाबांनीही हसून पाण्याचा पेला वर केला. पाणी आहे यावर किती जणांचा विश्वास बसला असेल, देव जाणे.

पाऊस सुरू झाला आणि त्यांचं पित्त गेलं. जसं आलं तसंच, काही न सांगता. गोळ्या बंद झाल्या, डोळे उघडे झाले. लोक म्हणाले, "लग्नाचं टेन्शन होतं, म्हणून घेत होता. आता परत सोडलीय वाटतं." मंडळात नाव राहिलं, पण त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही, आणि पाय धुण्याच्या यादीत ते नाव पुन्हा कधी लागलं नाही. फादरांची बदली झाली. नव्या फादरांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सासरी फळीवरचं सामान पुसत होते. प्रार्थनेच्या पुस्तकामागे एक काचेची बाटली सापडली. आत इवल्याशा पिवळ्या गोळ्या. मी ती हातात धरून उभीच राहिले.

सासूबाई मागून म्हणाल्या, "ठेव तिथेच. लागतील आता, ऊन वाढलं की. दर उन्हाळ्यात अंगभर पित्त उठतं मला. तरुणपणापासून."

"तुम्हाला?"

"त्यात काय एवढं? खाज जाते गोळीने, पण झोप काय येते गं. एकदा देवळात मिस्सेत, भर प्रार्थनेत, घोरले होते." मग माझ्या हातातून बाटली घेत म्हणाल्या, "तुझ्या बाबांना त्या दिवशी बघितलं तेव्हा मला पहिलं तेच वाटलं. माझ्यासारखीच गोळी घेतलेली असणार. म्हणून तर तुला विचारलं. पण तू म्हणालीस, दारू."

त्या बाटली घेऊन आत गेल्या. मी फडकं हातात घेऊन फळी पुसत राहिले, पुसून झालेली फळी.

म्हणजे काहीच मोडणार नव्हतं. तिने बाबांची बाही वर करून पाहिली असती आणि म्हणाली असती, आमसूल लावता का?

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले. बाबा पाट साफ करत होते. मी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. विहिरीमागे पाहिलं ते, सासूबाईंच्या बाटलीचं, सगळं. ते फावडं टेकून ऐकत राहिले. विहिरीचं ऐकताना त्यांनी क्षणभर डोळे मिटले. बाटलीचं ऐकल्यावर मात्र हसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुलाही कधी उठलं तर तिथे कुणी नाक मुरडणार नाही. मला तीच काळजी होती."

"बाबा, मी फादरांना सांगते. मंडळाला सांगते."

"राहू दे."

"का?"

"काय सांगशील? सगळे विचारतील, मुलीने तेव्हा तसं का सांगितलं. तुला रोज पोरांसमोर उभं राहायचं असतं." त्यांनी फावडं उचललं. "मी प्यायलो नाही हे मला माहीत आहे. तुझ्या आईला माहीत आहे. आता तुलाही."

मी एकदाही म्हटलं नाही की नाही, मी सांगणारच. त्यांनी नको म्हटलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अंगावरचा मोठा भार उतरावा तसं. घरी परत जाताना मी एसटीत खिडकीशी बसले होते, वाऱ्यावर मोगऱ्याचा वास येत होता, आणि मला चक्क बरं वाटत होतं. आज विचारलं तर मला सगळ्यांत जास्त लाज त्या बसमधल्या अर्ध्या तासाची वाटते.

त्यानंतर सहा वर्षांनी बाबा गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. तोपर्यंत ते दारूच्या थेंबालाही शिवले नव्हते. शपथ घेतल्यापासून मोजली तर चौदा वर्षं.

आमच्या मंडळात एक पद्धत होती. शपथ पाळलेल्या सभासदाच्या शवपेटीवर निळी फीत ठेवायची. बाबांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला मंडळाची माणसं आली, मागच्या बाकांवर बसली, मनापासून गायली. फीत आणली नव्हती. त्यात कुणाचा राग नव्हता. नियम होता, इतकंच.

मिस्सा संपताना नवे फादर म्हणाले, घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलणार का? मी उठले. माइकसमोर उभी राहिले. पेटी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. पहिल्या बाकावर आई होती, काळ्या पदरात, हातात रोझरी. एकच वाक्य हवं होतं. माझे बाबा शपथ घेतल्यानंतर कधी प्यायले नाहीत. मी घरातून ते वाक्य मनात घोळवत आले होते. मी आईकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती, आणि तिलाही तेच वाक्य हवं होतं, हे मला नीट कळलं.

मी बाबांच्या मोगऱ्याबद्दल बोलले. ते उजाडायच्या आधी उठायचे, कळी कशी ओळखायची ते मला शिकवायचे, कधी कुणाला मोठ्याने बोलले नाहीत, हे सगळं सांगितलं. शाळेत भाषण द्यायची सवय होतीच. आवाज जिथे दाटायला हवा तिथे दाटला. काही बायांनी डोळे पुसले. बोलून झाल्यावर मी आईशेजारी जाऊन बसले. ती आता रोझरीकडे बघत होती.

दफनानंतर लोक एकेक करून हात मिळवून जात होते. मंडळाचे सेक्रेटरी सगळ्यांत शेवटी आले. सज्जन माणूस. माझा हात दोन्ही हातांत धरून हळू आवाजात म्हणाले, "टीचर, छान बोललात. दारूचा विषय काढला नाहीत, ते फार बरं केलंत."

मी त्यांना थँक्यू म्हणाले.